चिकपेटेतून साताऱ्याकडे

जिना चढताना एक हात कठड्यावर ठेवा. दुसऱ्या हातातली पिशवी सोडू नका. तिच्यात भाचीच्या लग्नाची साडी आहे. चिकपेटेतल्या गल्ल्यांतून घामाघूम होत, दुकानातल्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून, साड्यांचा डोंगर उलगडायला लावून घेतलेली. मेट्रोनं घरी जायचं म्हणून तुम्ही खाली उतरला होतात. आज ती गाडी जाऊ द्या. मागं वळा आणि वर चला. खालच्या पायऱ्या आजच्या आहेत, वरच्या नाहीत.

बदल पहिल्यांदा कानांना कळेल. हॉर्न थांबलेत. त्यांच्या जागी लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज येतोय, एका घरातून, मग शेजारच्या, मग पलीकडच्या. हातमाग चालू आहेत. मग नाक जागं होईल. रंगाऱ्याच्या कढईतली आंबूस वाफ, कच्च्या रेशमाचा उग्र दर्प, कुठंतरी भाजत असलेली कॉफी, झटक्याच्या घोड्यांनी ओली केलेली माती आणि या सगळ्यावरून तरंगत येणारी मोगऱ्याच्या टोपलीची झुळूक. बाजूला व्हा! तांदळाच्या पोत्यांनी लादलेली बैलगाडी अक्किपेटेकडं निघाली आहे आणि गाडीवान तुम्हाला कानडीत जे म्हणाला ते न कळलेलंच बरं. गाडीचं चाक पायावरून जाता जाता राहिलं. धुळीनं चपला भरल्या.

वर बघा, खांबावर विजेचा दिवा आहे. बंगळुरात वीज 1905 सालीच आली. आपण आहोत जानेवारी 1917 मध्ये. सकाळची थंडी अजून अंगाला चिकटलेली आहे आणि पेटेतली माणसं कानटोप्या घालून दुकानांच्या फळ्या काढताहेत. केंपेगौडानं बैलजोड्या चार दिशांना सोडून हे रस्ते आखले, अशी कथा इथं सांगतात. आज त्या रस्त्यांवर बैलाला वळायलासुद्धा जागा नाही. बांगड्यांची बळेपेट, कापसाची अरळेपेट, कुंभारांची, तेल्यांची, धान्याची, प्रत्येक धंद्याची आपली पेट आणि प्रत्येक पेटेला आपला वास.

आणि थांबा, ही हाक ऐकलीत? एका अरुंद दारातून एक बाई आपल्या पोराला ओरडतेय, आणि ओरडतेय मराठीत. सूर कानडी आहे, अधूनमधून शब्दही कानडी, पण राग अस्सल मराठी. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून इकडं आलेली घरं इथं आहेत. रंगारी, शिंपी, भावसार. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी घरात मराठी आणि दुकानात कानडी जपली. तिला नमस्कार करा. ती तुमच्या पिशवीकडं आधी बघेल आणि मग तोंडाकडं. शिंप्याच्या घरातल्या बाईला कापडाचा अंदाज बाहेरूनच येतो.

आता गर्दीबरोबर दोड्डपेटेत वळा, म्हणजे आजच्या ॲव्हेन्यू रोडवर. देवळं, दर्गा, सराफ आणि किराणा यांच्या मधोमध एक नवी कोरी इमारत उभी आहे. चुन्याचा ओला वास अजून गेलेला नाही. खांब जाड, गोल. कमानींच्या कडा इतक्या धारदार की हात फिरवला तर बोटाला पांढरं लागतं. लंडन मिशनच्या लोकांनी इथं 1830 च्या दशकात कानडी उपासनेसाठी बांधलेली वास्तू होती. तिच्या जागी हे नवं ख्रिस्ती मंदिर उभं राहिलंय आणि ते मिशनरी बेंजामिन होल्ट राईस यांच्या नावानं ओळखलं जाणार आहे. राईस 1837 साली बंगळुरात आले आणि 1887 साली इथंच वारले. पन्नास वर्षं एका गावात, एका भाषेत. कानडी शिकले, कानडीत लिहिलं, शाळा काढल्या. त्यांच्या पत्नीनं आणि दुसऱ्या एका मिशनरीच्या पत्नीनं 1840 च्या सुमारास कानडी मुलींची शाळा चालू केली, तेव्हा मुलगी शिकवायची म्हणजे काय हे पेटेत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगा बी. एल. राईस इथंच जन्मला आणि म्हैसूरभरचे शिलालेख वाचत हिंडला.

आत चला. चपला काढा किंवा काढू नका, शेजारचा करतो तसं करा. बाकांना ताज्या रोगणाचा वास आहे. तुमच्या एका बाजूला उदबत्तीसारखी वाळलेली एक म्हातारी येऊन बसेल. कानडी गीत सुरू झालं की छातीत हादरा बसेल, कारण नव्या भिंतींना अजून आवाज जिरवायची सवय नाही. ते तुमच्यावर थेट आदळतं. शब्द कळणार नाहीत. ‘आमेन’ तेवढा कळेल.

मग सगळे डोळे मिटतील. तुम्हीही मिटा. आणि अर्ध्या मिनिटात बघा, तुमचं मन कुठं आहे? पिशवीवर. मांडीवर ठेवलीय ना? चुरगळणार तर नाही? बाहेरच्या गर्दीत कुणी हिसकावली असती तर? हळूच एक डोळा उघडून शेजारच्या म्हातारीचे हात बघा. तळवे वर करून मांडीवर उघडे ठेवलेत. नखांत हळद आहे, एका बोटाला भाजल्याचा डाग. ओठ हलताहेत पण आवाज नाही. आता स्वतःचे हात बघा. पिशवीच्या बंदांवर इतके आवळलेत की बोटांची पेरं पांढरी पडलीत. तुम्ही दोघंही एकाच बाकावर बसून प्रार्थना करताहात, निदान बाहेरून तरी.

म्हणूनच तुम्हाला पुढं न्यायचंय. हे मंदिर माझ्या फार आवडीचं आहे. व्यापाऱ्यांच्या कल्लोळात माणसाला डोळे मिटायला जागा देणं ही मोठीच गोष्ट. पण याच 1917 सालात, बंगळुरातून निघणाऱ्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उलट दिशेनं चाललाय. त्याला मिशनचं घर आहे, पगार आहे, मान आहे. तो ते सोडणार आहे. सोडताना एका बाईच्या स्वयंपाकघराचं काय होतं, ते आपण बघायला जातोय.

झटका, म्हणजे इथला टांगा, करा. घोडा मरतुकडा दिसतो, पण बंगळूर सिटी स्टेशन फार लांब नाही. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, छोटी गाडी. तिसऱ्या वर्गाचा डबा. लाकडी फळ्या, अंगावर अंग, पायाशी कोंबड्यांची टोपली, डोक्यावर कुणाची वळकटी. खिडकीतून कोळशाचे कण येतात आणि डोळ्यांत जातात. चोळू नका, आणखी आत जातात. तुमकूर, अरसीकेरे, दावणगेरे, हरिहर. हुबळीला दुपार, धारवाडला हवा बदलते, लोंढ्याला जंगलाचा ओला वास येतो. बेळगावला पहिल्यांदा फलाटावर मोठ्यानं मराठी ऐकू येईल आणि तुम्हाला उगाचच घरी आल्यासारखं वाटेल. ही रात्र, हा दिवस आणि पुन्हा एक रात्र तुम्ही बसून काढणार आहात. पिशवी उशाला घेतलीत तर झोप लागणार नाही. न घेतलीत तरी लागणार नाही.

तहान लागली? स्टेशनावर उतरा. पाणीवाला येईल, पण कुठला ते नीट बघा. हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं. हिंदूंच्या पाण्यातही कोण कुणाला वरून ओततो, कोण भांड्याला शिवू देतो, याचे नियम फलाटावरच्या प्रत्येकाला पाठ आहेत. तुम्हाला नाहीत. तुम्ही हात पुढं करताच पाणीवाला क्षणभर थांबेल, तुमच्या कपाळाकडं, कपड्यांकडं, पायांकडं बघेल. त्या एका क्षणात घशाची कोरड किती वाढते ते लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

गाडीत वेळ आहे तर तुम्ही ज्यांच्याकडं निघालात त्यांची गोष्ट सांगतो. तीही गाडीतच सुरू झाली. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. कोकणातल्या करजगावचा जन्म, नाशकात वाढलेले, कवी, वक्ते, डोक्यात नव्या धर्माच्या कल्पना. समोर एक गोरा गृहस्थ बसला होता. दोघांचं कवितेवर बोलणं झालं. उतरताना त्यानं नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मग नगर, राहुरी, सेमिनरीत शिकवणं, पाळकपण, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचं संपादन. ख्रिस्ताकडं ते तुकोबांच्या पुलावरून गेले, असं ते स्वतःच सांगत. हे नुसतं बोलणं नव्हतं. मराठी ख्रिस्ती मंडळी आज जी गीतं गातात त्यांतली कितीतरी त्यांची आहेत. आणि प्रभूला ते ‘माउली’ म्हणत, वारकरी विठोबाला म्हणतो तसं.

एवढं सगळं झालेला माणूस पंचावन्न वर्षांचा असताना आणखी काय सोडतो? सातारा रोड! उतरा, उतरा, गाडी फार थांबत नाही.

अरे हो, तुम्ही बसलात जानेवारीत आणि उतरलात पावसात. अशा प्रवासात महिने असे गळतात. फलाटावर चिखल आहे, छपरातून धार लागली आहे आणि टांगेवाले एकमेकांवर ओरडताहेत. साताऱ्यापर्यंत दहा-बारा मैल. ओल्या घोड्याचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, टांगेवाल्याच्या विडीचा वास. माहुलीला कृष्णा तुडुंब, तांबडी आणि फेसाळ, पुलावरून जाताना घोडा कान मागं टाकतो. समोर अजिंक्यतारा ढगात अर्धा बुडालेला. पलीकडं, दिसत नसला तरी, सज्जनगड आहे. हा मुलूख सोडून देणाऱ्यांना ओळखतो. रामदासांची झोळी इथं पोराटोरांनाही माहीत. म्हणूनच टिळकांनी साताऱ्याला येऊन जे मांडलंय त्याकडं लोक कुतूहलानं बघतात. ते म्हणतात की मी ख्रिस्ताचा संन्यासी.

मिशनशी भांडण झालेलं नाही. आपल्याला एक खोल आध्यात्मिक अनुभव आला आणि यापुढं पगार घेणं जमणार नाही, असं त्यांनी कळवून टाकलं. ‘ज्ञानोदया’चं काम चालू आहे, मित्र मित्रच आहेत. फक्त महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा बंद. इथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरवलाय. बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य आणि न घेतलेले, दोघंही यात एकाच पंक्तीला. ज्यांना ख्रिस्त हवा पण परदेशी कपड्यांतला नको, अशांना बसायला एक अंगण.

पोचलात, रात्री ओटीवर घोंगडीत गुरफटून पडलात. आता उठा. अंधारच आहे. कुणीतरी तुमच्या डोक्याशी कंदील ठेवून गेलंय. वात अगदी बारीक, कारण युरोपातल्या लढाईमुळं रॉकेल महाग झालंय आणि मिळतही नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवताच गारवा थेट गुडघ्यापर्यंत चढतो. आतल्या खोलीत माणसं भिंतीला धरून बसलीत. कुणाच्या अंगावर धाबळी, कुणाच्या फाटकं धोतर, एक पोर अर्धं झोपेत आईच्या मांडीवर. ओल्या कपड्यांचा, धुराचा, खोबरेल तेलाचा वास. डास आहेत. पिशवी दाराशी ठेवलीत? ठेवा. कुणी घेणार नाही.

सुरुवात काहीच न बोलता होते. हेच अवघड. गाणं असतं तर बरं झालं असतं, तोंडाला काम मिळालं असतं. पहिल्यांदा मांडीला मुंग्या येतील. मग पाठ बोलायला लागेल. मग मन आपली यादी काढेल. मुलाची नोकरी, गुडघेदुखी, जागेचा व्यवहार, भाचीच्या लग्नात अमक्यानं मानपानावरून रुसू नये. मागा, सगळं मागा. इथं कुणी अडवत नाही. यादी वाचता वाचता एका ठिकाणी संपते आणि अजून उजाडलेलं नसतं. तिथून पुढं काय करायचं ते तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून यादी धरता, पण दुसऱ्या फेरीत त्यातल्या निम्म्या गोष्टी मागायलाही संकोच वाटतो. तिसऱ्या फेरीत तुम्ही मागणं थांबवून नुसतीच माणसांची नावं घेताय. रुसणाऱ्या नातेवाइकाचंही. आणि त्याचं नाव घेताना जबडा आवळला जातोय हे तुमच्या लक्षात येतं. आवळू नका. परत घ्या. आणखी एकदा.

दाराशी काहीतरी खुट्टकन वाजलं. तुमचा कान लगेच तिकडं. मांजर आहे.

मग टाळ वाजतो. एकच, हलका. मृदंगावर थाप पडते, तंबोरा सूर धरतो आणि खोलीतला सगळा गारठा गळ्यातून बाहेर निघतो. चाल ओळखीची आहे. आळंदीच्या वाटेवर, आजीच्या भजनी मंडळात, कुठंतरी तुम्ही ती ऐकली आहे. नाव तेवढं वेगळं. दोड्डपेटेतल्या नव्या भिंतींनी गीत तुमच्या अंगावर फेकलं होतं. इथल्या कुडाच्या भिंती काहीच परत देत नाहीत, त्यामुळं गाणाऱ्यालाच आणखी जोर लावावा लागतो. तुम्हीही लावा. आवाज फाटला तर फाटू द्या. टिळक डोळे मिटून गाताहेत आणि ज्या वेगानं गाताहेत त्यावरून कळतं की हा माणूस शांत स्वभावाचा नाही. रागीट आहे, उतावळा आहे, हळवा तर इतका की रस्त्यात भेटलेल्या दुःखालाही घरी घेऊन येतो. संन्यास घेतला म्हणून स्वभाव गेला नाही. त्या स्वभावाला रोज पहाटे इथं आणून बसवावं लागतं, आणि तो बसतो, एवढंच मला त्यांच्याबद्दल खात्रीनं सांगावंसं वाटतं. मला हे पुरेसं मोठं वाटतं.

उजाडलं. आता मागच्या दारानं स्वयंपाकघरात या. खरी गोष्ट इथं आहे.

चूल पेटत नाहीये. लाकडं ओली आहेत आणि धुरानं छप्पर भरलंय. डोळे चुरचुरतात, नाक वाहतं. फुंकणी घ्या आणि फुंका. पिठाचा डबा उघडला तर तळाशी खरवडल्याचा आवाज येतो. घरात माणसं किती? मोजायचा प्रयत्न सोडा. आपली मुलं, आणलेली मुलं, पोरकी मुलं, काल आलेला पाहुणा, परवा आलेला आणि न गेलेला. या घराची रीतच अशी. नगरला असताना बालकवी ठोंबरेही असेच घरातले होऊन राहिले होते. टिळकांच्या हातात पैसा आला की समोर गरजू दिसतोच, आणि दिसला की पैसा उरत नाही. पगार होता तेव्हाही हेच. आता तर पगारही नाही. लढाईनं धान्याचे भाव चढलेत. वैराग्य ओटीवर बसून घेता येतं, पण त्याची किंमत या डब्यातून मोजली जाते आणि मोजतेय एक बाई.

लक्ष्मीबाई. तुमच्याकडं बघून त्या काही विचारणार नाहीत. निवडायला भाजी पुढं सरकवतील. बसा खाली.

संन्यास कुणी घेतला, हे बघायला तुम्ही इतक्या लांबून आलात. मला विचाराल तर या घरात सोडण्याचं सगळ्यात अवघड काम या बाईनं केलं, आणि तेही या दरबाराच्या कितीतरी आधी. अकरा वर्षांच्या असताना लग्न झालं. माहेरी सोवळंओवळं इतकं कडक की कुणाची सावली पडली तर पाणी ओतून द्यायचं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा जग फुटल्यासारखं झालं. साडेचार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग नगरला परत आल्या, त्याही आपलं सोवळं घेऊन. ख्रिस्ती वस्तीत राहायचं, पण स्वतःचं पाणी स्वतः भरायचं, स्वतःची चूल वेगळी. दिवसभर त्या वस्तीतल्या बायका, पोरी, आजारी माणसं बघायच्या, त्यांच्यात जीव गुंतत चाललेला, आणि भांड्याला मात्र कुणी शिवायचं नाही. फलाटावरचा पाणीवाला आठवा. तो क्षण त्यांनी वर्षानुवर्षं, दोन्ही बाजूंनी जगला.

आणि एक दिवस विचार करता करता त्यांना उमगलं की देवानं माणूस केला, जाती माणसांनी केल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितलंय, कसलाही आव न आणता. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. 1900 साली बाप्तिस्मा घेतला, नवऱ्याच्या मागं फरफटत नव्हे, आपलं आपण. पाण्याचा तो पहिला घोट त्यांच्या घशातून कसा उतरला असेल याचा मी फार विचार करतो. बुद्धीला पटलेलं आतड्याला पटायला वेळ लागतो. पगार सोडताना माणूस एक सही करतो. विटाळ सोडताना रोज, प्रत्येक घोटाला, प्रत्येक घासाला नव्यानं सोडावा लागतो, आणि बघायला कुणी नसतं. प्रार्थनेनं माणूस बदलतो म्हणतात तो असा, मला वाटतं. देवळात किती वेळ बसला यावरून नाही, तर तो कुणाच्या हातून पाणी घेतो यावरून ते कळतं.

पाणी संपलंय. घागर घ्या आणि जा. साताऱ्याचं पाणी कासच्या तलावातून येतं, डोंगरउतारावरून खेळवत आणलेलं. गार, गोड आणि पावसात किंचित मातकट. हौदाशी रांग आहे. चिखलात पाय रुतताहेत, पुढच्या बाईचा ओला पदर तुमच्या हातावर आपटतोय, मागं दोघींची घागर कुणाची आधी यावरून जुंपली आहे. ‘अहो, कुणाकडचे तुम्ही?’ एक विचारते. ‘टिळकांकडचे,’ म्हणा. तिचा चेहरा जरा बदलेल. पाऊल एक बोट मागं जाईल. गावातली सगळी माणसं कीर्तनाला येतात म्हणजे सगळी घरात बोलावतात असं नाही. तिच्यावर रागावू नका. तुमचा नंबर आला की घागर भरा आणि तिचीही भरून द्या. घेतली तर घेतली.

आणि आत्ता, भरलेली घागर कमरेवर, धार हनुवटीवरून गळ्यात उतरताना, तुम्हाला आठवेल की पिशवी सकाळपासून दाराशीच आहे. एवढा वेळ आठवलीच नव्हती. धावू नका, घसराल. कमरेला ओझं असताना माणसाला सावकाशच चालावं लागतं.

हा दरबार फार वर्षं भरणार नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत जे. जे. रुग्णालयात वारतील आणि त्यांच्यामागं दरबार पांगेल. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबेल. पण आत्ता ज्या बाईनं तुम्हाला भाजी निवडायला बसवलं, जिला वाचायला लग्नानंतर नवऱ्यानं शिकवलं, तीच पुढं ते हाती घेईल आणि साठाहून अधिक अध्याय लिहून पुरं करेल. मधेच ‘स्मृतिचित्रे’ लिहील. त्यात नवऱ्याचा राग, स्वतःचं रुसणं, उपाशी दिवस, फजित्या, सगळं हसत सांगेल. देवाबद्दल त्यात थोडं आहे, माणसांबद्दल फार. ज्यांना ज्यांना ख्रिस्ती आयुष्य म्हणजे काय ते वाचायचंय, त्यांना मी तेच पुस्तक देतो.

घागर खाली ठेवा, पाठ सरळ करा. पिशवी जागेवर आहे. फक्त एका बाजूला मांजरानं पंजे घासलेत. साडी अर्थातच परत घेऊन जा. भाचीचं लग्न आहे, आणि ती साडी तिला शोभेल. पण सातारा रोडचा टांगा संध्याकाळशिवाय सुटत नाही. ओटीवर आत्ताच दोन नवी माणसं येऊन बसली आहेत, एकाचे पाय सुजलेत, दुसरा लाजून बोलत नाही. पोरं भुकेनं किंचाळताहेत. डब्यात पीठ तेवढंच आहे आणि भाकऱ्या थापायला दोन हात कमी पडताहेत. बाह्या वर करा. तुमच्या शेजारी काठवट सरकवली आहे.